जॅकार्डचे पत्ते

मराठी घरात सोलापुरी चादर नाही असे सहसा होत नाही. लग्नात आहेर म्हणून आलेली, प्रवासात होल्डॉलमध्ये बांधलेली, पाहुणे आले की कपाटातून निघणारी. तिच्यावरचा मोर किंवा वेलबुट्टी छापलेली नसते, ती विणीतच असते. चादर उलटून पाहा, तोच मोर मागच्या बाजूला रंग पालटून बसलेला दिसेल. मागाला मोर कसा कळतो, असा प्रश्न लहान मुलांना पडतो. मोठ्यांना तो पडेनासा होतो एवढेच.

त्याचे उत्तर मागाच्या डोक्यावर बसवलेल्या एका सांगाड्यात आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलंगणातून येऊन इथे पिढ्यान्पिढ्या वसलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यांत, त्या सांगाड्याला जॅकार्ड म्हणतात. हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र त्याखाली काम करणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. तो माणूस सोलापूर कधी न पाहता 1834 साली वारला.

जोसेफ मारी जॅकार्डचा जन्म 7 जुलै 1752 रोजी फ्रान्समधल्या लियाँ शहरात झाला. लियाँ म्हणजे रेशमाचे सोलापूर म्हणा ना. वडील जरीचे कापड विणणारे उस्ताद विणकर, आईही त्याच व्यवसायात. नऊ भावंडांतला हा पाचवा, पण मोठी होईपर्यंत जगली ती दोनच, हा आणि बहीण क्लेमान्स. तो दहा वर्षांचा असताना आई गेली. तेराव्या वर्षापर्यंत त्याला अक्षरओळखही नव्हती. बहिणीचे यजमान छापखाना आणि पुस्तकांचे दुकान चालवत, त्यांनी त्याला लिहायला-वाचायला शिकवले. पुढे ज्याच्या पत्त्यांपासून संगणकाला लेखी आज्ञा देण्याची कल्पना निघाली, त्याची स्वतःची लेखणीशी ओळख इतक्या उशिरा झाली.

वडील 1772 साली वारले. वारसाहक्काने घर, माग, द्राक्षमळा आणि दगडाची खाण असे बरेच काही हाती आले, आणि ते त्याने घालवले. 1778 मध्ये क्लोदीन बुआशों हिच्याशी लग्न झाले, पुढच्या वर्षी मुलगा झाला, आणि पाठोपाठ कर्जे आणि कोर्टकचेऱ्या आल्या. त्या काळातला जॅकार्ड पाहिला तर हा माणूस काही करून दाखवील असे शेजाऱ्यांना वाटले नसणार.

मग राज्यक्रांती आली. 1793 साली लियाँ शहराने पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध बंड केले आणि शहराला वेढा पडला. जॅकार्ड शहराच्या बाजूने उभा राहिला. शहर पडल्यावर कोवळ्या मुलाला घेऊन तो निसटला आणि खोटी नावे सांगून बापलेक ज्या सरकारशी लढले होते त्याच सरकारच्या फौजेत भरती झाले. लपायला त्याहून सुरक्षित जागा कुठली! पण लढाईत मुलगा मारला गेला. 1798 च्या सुमारास जॅकार्ड एकटा लियाँला परतला. वय सेहेचाळीस, हातात पैसा नाही, मुलगा नाही. त्याचे खरे काम यानंतर सुरू झाले.

ते समजायला माग थोडा समजून घ्यावा लागेल. कापडात उभे धागे असतात, तो ताणा, आणि आडवे धागे असतात, तो बाणा. साधे कापड विणताना एक सोडून एक उभा धागा उचलला की भागते. पण मोर विणायचा तर प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी वेगवेगळे उभे धागे उचलावे लागतात, आणि ते शेकड्यांनी असतात. जॅकार्डपूर्वी हे काम विणकराचा मदतनीस करी, बहुधा एखादे पोर. मागाजवळ उभे राहून दिवसभर दोऱ्यांचे जड जुडगे ओढायचे आणि ओढायचा क्रम चुकवायचा नाही. एक दोरी चुकली की मोराची मान वाकडी. लियाँच्या रेशमी वैभवाखाली अशा कित्येक पोरांची हाडे झिजली.

या कष्टावर उतारा शोधणारा जॅकार्ड पहिला नव्हता. 1725 साली बुशों नावाच्या लियाँकराने भोके पाडलेला कागद वापरून पाहिला. तीनच वर्षांनी फाल्कनने कागदाऐवजी एकमेकांना ओवलेले पत्ते आणले. 1745 मध्ये व्होकान्सों या कल्पक यंत्रज्ञाने सगळी यंत्रणा मागाच्या डोक्यावर चढवली. पण व्होकान्सोंचा माग अडगळीत पडला. जॅकार्डने मासेमारीची जाळी विणणारे एक यंत्र केले, त्याचा बोलबाला होऊन 1803 मध्ये त्याला पॅरिसच्या कलायंत्र संग्रहालयात बोलावणे आले, आणि तिथे तो जुना माग त्याच्यासमोर आला. फाल्कनचे पत्ते आणि व्होकान्सोंची रचना यांचा त्याने संसार मांडून दिला.

रचना ऐकायला सोपी आहे. प्रत्येक आडव्या धाग्याला एक पुठ्ठ्याचा पत्ता. पत्ता पुढे येतो तेव्हा सुयांची रांग त्याला भिडते. जिथे भोक आहे तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि वर जाणाऱ्या पट्टीबरोबर आपला धागा उचलतो. जिथे भोक नाही तिथे सुई मागे ढकलली जाते, आकडा पट्टीवरून सुटतो आणि धागा खालीच राहतो. भोक म्हणजे हो, कोरा पुठ्ठा म्हणजे नाही. पत्ते दोरीने ओवून माळ केली की मोर पुन्हा पुन्हा विणला जातो. मोर नको, कमळ हवे? माग तोच, माळ बदला. नक्षी यंत्राच्या हाडामांसात नाही, बाहेर काढून ठेवता येते, ही त्याची खरी मोठी गोष्ट.

एप्रिल 1805 मध्ये नेपोलियनने लियाँला येऊन हा माग पाहिला. पेटंट शहराच्या मालकीचे झाले. जॅकार्डला तहहयात वर्षाला 3000 फ्रँकचे निवृत्तिवेतन आणि सहा वर्षे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मागामागे 50 फ्रँक मिळू लागले. 1812 पर्यंत फ्रान्समध्ये असे सुमारे 11,000 माग लागल्याचे सांगतात. विणकरांनी त्याचा माग भर चौकात जाळला, त्याला नदीत फेकू पाहिले, अशा कथाही आहेत. पुढच्या चरित्रकारांनी त्यांना बरेच तिखटमीठ लावलेले दिसते. विरोध झाला हे मात्र खरे. आणि सुरुवातीची ही यंत्रे कुरकुरत, अडत, हेही खरे. ती सुरळीत चालू लागली 1815 मध्ये, ब्रेतों नावाच्या कारागिराने पत्त्यांच्या यंत्रणेतला दोष काढल्यावर. या ब्रेतोंचे नाव आज कुणाच्या ओठांवर नाही.

आता एक गोष्ट सोलापूरच्या कुठल्याही जुन्या नक्षीकाराला माहीत असते. सगळ्या जॅकार्डांचे पत्ते सारखे नसतात. भोकांमधले अंतर वेगवेगळे असते. जाड अंतराचे, व्हिन्सेन्झी पद्धतीचे, बारीक अंतराच्या अखंड कागदाचे व्हर्डोल. एकाची माळ दुसऱ्यावर चढत नाही. म्हणून नवे यंत्र घेताना विणकर आधी आपल्याकडे पत्त्यांच्या किती माळा आहेत आणि त्या कुठल्या जातीच्या, हे पाहतो. यंत्र स्वस्त मिळाले आणि घरातल्या सगळ्या माळा निरुपयोगी झाल्या, तर तो सौदा महागात पडतो.

आज कारखान्यातल्या यंत्रांना प्रोग्राम देणाऱ्या मुलांपुढे हाच प्रश्न लॅपटॉपच्या रूपाने उभा आहे. 1983 मध्ये विजेरी जॅकार्ड आले, पत्त्याच्या जागी विद्युतचुंबक आणि माळेच्या जागी संगणकाची फाइल. त्याआधीच, 1968 मध्ये, अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यासाठी पीएलसी नावाच्या नियंत्रकाची कल्पना निघाली होती. आज रंगाईपासून पॅकिंगपर्यंत असंख्य यंत्रे पीएलसीवर चालतात. डिप्लोमा करून एमआयडीसीत लागलेला मुलगा घरी लॅपटॉप मागतो तेव्हा आईवडील दुकानात जाऊन सर्वांत नवा, सर्वांत पातळ लॅपटॉप पाहतात. क्रम उलटा हवा. आधी कारखान्यात कुठल्या कंपनीचे नियंत्रक आहेत ते पाहावे, मग त्यांचे सॉफ्टवेअर विंडोजच्या कुठल्या आवृत्तीवर चालते ते, आणि शेवटी लॅपटॉप. पत्त्याची जात आधी, माग नंतर.

या क्षेत्रातली बहुतेक सॉफ्टवेअर्स विंडोजवरच चालतात. लिनक्स उत्तम, पण नियंत्रकाच्या कंपनीने सॉफ्टवेअर त्यासाठी केलेलेच नसेल तर करायचे काय? काही सॉफ्टवेअर तर विंडोजच्या घरगुती आवृत्तीवरही बसायला नकार देतात. जुन्या यंत्रांची गत आणखी बिकट. त्यांचे सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या काळातले, आणि एक्सपीचा आधार कंपनीने 2014 मध्ये काढून घेतला. विंडोज 10 चाही 2025 मध्ये संपला. यंत्र मात्र वीस-पंचवीस वर्षे चालते आणि मालक ते मोडीत काढायला तयार नसतो. त्याचे तरी काय चुकले!

म्हणून जाणती मंडळी एक जुना, नऊ पिनांचे सीरियल पोर्ट असलेला लॅपटॉप कपाटात जपतात आणि त्याला इंटरनेटला जोडत नाहीत. नव्या लॅपटॉपमध्ये ते जुनी विंडोज व्हर्च्युअल मशीन म्हणून, म्हणजे घरात घर मांडल्यासारखी, चालवतात. त्यासाठी 16 जीबी मेमरी किमान, 32 असली तर उत्तम. तारेने जोडायचे नेटवर्क पोर्ट अंगचेच असावे, कारण पातळ लॅपटॉपमधून ते पहिले गायब होते. सीरियलचे काम यूएसबीच्या जोडणीनेही होते, पण काही जुने नियंत्रक त्या जोडणीशी बोलत नाहीत, तेव्हा ती आधी तपासून घ्यावी. आणि प्रोग्रामची प्रत दोन ठिकाणी ठेवावी. पत्त्यांची माळ निदान खुंटीवर टांगलेली दिसे. फाइल गेलेली कळते ती यंत्र बंद पडल्यावरच.

जॅकार्डकडे वळू. म्हातारपणी तो लियाँजवळच्या उलँ गावी राहायला गेला. 1819 मध्ये त्याला लिजन ऑफ ऑनरचा क्रॉस मिळाला. पण त्याच्या हयातीतच, नोव्हेंबर 1831 मध्ये, लियाँचे रेशीम विणकर रस्त्यावर उतरले. हा उठाव मागाविरुद्ध नव्हता, विणकामाच्या दरासाठी होता. दराचा किमान आकडा ठरला होता आणि व्यापाऱ्यांनी तो पाळायला नकार दिला. एव्हाना तेच विणकर जॅकार्डच्या उंच मागांवर काम करत होते. क्रॉई-रूस टेकडीवरची त्यांची घरे त्या मागासाठीच उंच छताची बांधलेली होती. 1834 च्या एप्रिलमध्ये पुन्हा उठाव झाला आणि सैन्याने तो रक्तात बुडवला. दोरी ओढणारे पोर सुटले, विणकराचा दर मात्र सुटला नाही. सोलापूरच्या वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. 1877 साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, तेव्हापासून मजुरीचा हा झगडा इथल्या घराघरात आहे.

त्या उठावानंतर चार महिन्यांनी, 7 ऑगस्ट 1834 रोजी, जॅकार्ड वारला. 1840 मध्ये लियाँने त्याचा पुतळा उभारला. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या एका विणकराने त्याची तसबीर रेशमात विणली होती. ओजारांच्या खोलीत खुर्चीवर बसलेला म्हातारा, हातात कंपास, भोवती पत्ते. एवढ्या तसबिरीला 24,000 पत्ते लागले. तिची एक प्रत लंडनला चार्ल्स बॅबेजने मिळवली. पत्त्यांवर चालणारे गणनयंत्र रचण्याच्या खटाटोपात तो होता. त्याचे पाहुणे ती तसबीर तांब्यावर कोरून छापलेले चित्र समजत, आणि मग बॅबेज त्यांना जवळ जाऊन नीट पाहायला लावी.