वस्ती न मोडता शहर सुधारू पाहणारे गेडेस

स्कॉटलंडमधील बॅलाटर येथे २ ऑक्टोबर १८५४ रोजी जन्मलेले पॅट्रिक गेडेस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. विवाहानंतर पत्नी ॲना यांच्यासह ते एडिनबरोच्या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत राहावयास गेले व तेथील घरांची डागडुजी त्यांनी हाती घेतली.

१९१४ मध्ये ते भारतात आले. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे म्हणजेच सुधारणा, अशी त्या काळच्या शहर सुधार मंडळांची धारणा होती. त्यामुळे बेघर झालेली गरीब कुटुंबे शेजारच्या वस्तीत कोंबली जातात, तेथील भाडी वाढतात आणि दाटी केवळ जागा बदलते, हे गेडेस यांनी दाखवून दिले. मोजकी मोडकळीस आलेली घरे काढावीत, तळी-विहिरी स्वच्छ कराव्यात, मोकळ्या जागा राखाव्यात. मात्र रहिवाशांना शक्यतो हलवू नये, हा त्यांचा पर्याय होता. त्यांचा १९१८ चा इंदूरविषयक अहवाल विशेष गाजला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला, त्याची धुरा त्यांच्याकडे आली. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. फ्रान्समधील माँपेलिये येथे १७ एप्रिल १९३२ रोजी गेडेस यांचे निधन झाले. येथील माणसे उद्या कोठे राहणार, हा त्यांच्या कार्यातून उभा राहिलेला प्रश्न पुनर्विकासाच्या प्रत्येक आराखड्यापुढे आजही कायम आहे.