प्लेगात पुणं न सोडणारा लोकप्रतिनिधी

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात सोनाळा हे गाव आहे. २०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला आणि राज्य सरकारनं साथरोग कायदा लागू केला. सोनाळ्यासारख्या गावांत बंदोबस्ताचा भार शेवटी सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई यांच्यावरच पडला. हा कायदा मात्र जुना, थेट १८९७ चा. इंग्रज सरकारनं तो प्लेगासाठी केला होता. त्या साथीत पुण्यातून निवडून आलेला एक माणूस कसा वागला, हे आज आठवण्यासारखं आहे. तो माणूस म्हणजे लोकमान्य बाळ गंगाधर टिळक.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. पुण्यात शिकून मोठ्या नोकरीच्या मागे न लागता त्यांनी १८८० मध्ये मित्रांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं, पुढच्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रं सुरू झाली. १८९५ साली ते पुण्याच्या नगरपालिकेवर आणि मुंबईच्या कायदे कौन्सिलावर निवडून गेले. त्या काळी निवडणूक म्हणजे आजच्यासारखी नव्हती. कौन्सिलासाठी लोकल बोर्डांचे सभासद मत देत. वावरात राबणाऱ्या कुणब्याला मत नव्हतं. म्हणजे ज्याच्यासाठी बोलायचं, तो निवडून देणारा नव्हेच!

१८९६ साली पाऊस फसला. दुष्काळात शेतकऱ्याला सवलत देण्याचे सरकारचेच नियम होते, पण ते शेतकऱ्याला माहीत नव्हते. टिळकांनी ते नियम सोप्या मराठीत समजावून सांगितले. सारा माफ किंवा तहकूब करून मागणं हा गुन्हा नाही, हे लोकांच्या कानावर घातलं. सार्वजनिक सभेची माणसं खेडोपाडी हिंडली. सरकारला ते रुचलं नाही.

दुष्काळ सरला नव्हता तोच प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात तो मुंबईत दिसला, १८९७ च्या आरंभी पुण्यात पसरला. काखेत, जांघेत गाठ यायची आणि चार-सहा दिवसांत माणूस जायचा. हजारो लोकांनी शहर सोडलं. ज्यांच्याकडे गाडी-घोडा, बाहेरगावी घर, ते आधी गेले. त्यात पुढारी म्हणवणारेही होते. टिळक गेले नाहीत.

फेब्रुवारीत रँड साहेबाच्या हाती प्लेगचा कारभार आला. गोऱ्या सोल्जरांकडून घरझडती सुरू झाली. स्वयंपाकघर, देवघर काही सुटलं नाही, सामान जाळलं गेलं, बायामाणसांची तपासणी चारचौघांत झाली. रोग्याला वेगळं ठेवणं आणि घर साफ करणं जरूर आहे, हे टिळकांनाही मान्य होतं. त्यांचा विरोध होता तो जुलमाला. म्हणून ते स्वतः झडतीच्या पथकांबरोबर फिरले. लोक सरकारी इस्पितळाला भीत, तर त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ उभं केलं. विलगीकरणाच्या छावणीत अन्नछत्र चालवलं. ‘केसरी’तून अधिकाऱ्यांवर टीका चालूच होती.

हे काम एकट्या टिळकांचंच होतं असं नाही. सावित्रीबाई फुले कोणत्या कौन्सिलावर नव्हत्या. हडपसरजवळ मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करीत होत्या. तीच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. टिळकांची समाजसुधारणेबाबतची मतं वेगळी होती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला होता. तेही सांगितलं पाहिजे. पण साथीच्या दिवसांत दोघांनीही लोकांकडे पाठ फिरवली नाही.

२२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. सुमारे महिनाभरानंतर, ‘केसरी’तल्या लिखाणावरून टिळकांना राजद्रोहाखाली पकडलं. दीड वर्षाची शिक्षा झाली, कौन्सिलाची जागाही गेली. १८९८ च्या सप्टेंबरात ते सुटले. पुढं १९०३ मध्ये त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगानंच गेला. ज्या रोगात त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी धावपळ केली, त्यानं त्यांचंही घर सोडलं नाही. त्यानंतर १९०८ ते १९१४ मंडालेचा तुरुंग आणि ‘गीतारहस्य’. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत ते वारले.

आता या गोष्टीचा आपल्या गावाशी संबंध काय? १८९७ साली कुणब्याला मत नव्हतं, आज गावातल्या प्रत्येक सज्ञान बाईमाणसाला आहे. ग्रामपंचायत आपली, पंचायत समिती आपली. कोरोनात काही ठिकाणी सरपंचांनी रात्रंदिवस खपून शाळेत विलगीकरणाची सोय केली, घरोघरी धान्य पोचवलं. काही ठिकाणी मात्र मेंबर फोनही उचलत नव्हते. निवडणुकीत मत मागायला सारेच दारात येतात. पुढच्या खेपेला कोणी आलं, तर साथीत तुम्ही कुठं होता, एवढं त्यांना जरूर विचारा.