स्वकीयांत एकाकी : यहूदा मॅग्नेस

१९२९ च्या नोव्हेंबरमध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, तेव्हा शहरावरील सुतकाची छाया अद्याप ओसरली नव्हती. तीन महिन्यांपूर्वी पॅलेस्टाईनमध्ये उसळलेल्या दंगलींत १३३ ज्यू आणि ११६ अरब प्राणांस मुकले होते. एकट्या हेब्रॉन गावात ६७ ज्यू मारले गेले; त्यांत धर्मविद्यालयाचे कोवळे विद्यार्थीही होते. (त्याच गावातील कित्येक अरब कुटुंबांनी ज्यू शेजाऱ्यांना घरात दडवून वाचविले, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही.) अशा वेळी विद्यापीठाचे कुलपती भाषणास उभे राहिले. श्रोत्यांना हवा होता संताप. कुलपतींनी मात्र सांगितले की, या भूमीत ज्यूंना केवळ संगिनींच्या आधारावर राहावयाचे असेल, तर तसे राहण्यात काही अर्थ नाही. अरबांशी समजूत घडवून आणणे हाच मार्ग आहे. सभागृहातच निषेधाचे आवाज उठले. या कुलपतींचे नाव यहूदा लिऑन मॅग्नेस.

त्यांचा जन्म १८७७ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. सिनसिनाटी येथे धर्मशिक्षण घेऊन १९०० मध्ये ते रब्बी झाले आणि १९०२ मध्ये त्यांनी जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे न्यूयॉर्कमधील अतिश्रीमंत ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचे रब्बीपद त्यांच्याकडे आले. ते स्थान सुखासमाधानाचे होते, परंतु मॅग्नेस तेथे रमले नाहीत. १९०८ मध्ये शहराच्या पोलीसप्रमुखाने तेथील निम्मे गुन्हेगार ज्यू असल्याचा आरोप केला. एका समाजावर सरसकट ठेवलेला हा ठपका पुढे मागे घेण्यात आला, पण त्यातून मॅग्नेस यांच्या नेतृत्वाखाली ‘केहिला’ ही संघटना उभी राहिली. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब निर्वासितांच्या मुलांचे शिक्षण, वस्तीतील गुन्हेगारीला आळा, फर-उद्योगातील मालक व कामगार यांच्या तंट्यांत मध्यस्थी अशी कामे ती करी. डॉ. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते ती १९१३ ते १९१६ ही वर्षे याच संघटनेच्या भरभराटीची होत.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि मॅग्नेस यांनी उघडपणे युद्धविरोध केला. देणगीदार दुरावले, संघटना खिळखिळी झाली. १९२२ मध्ये ते सहकुटुंब जेरुसलेमला गेले.

ते झिओनवादी होते, हे विसरता कामा नये. ज्यूंनी पॅलेस्टाईनमध्ये यावे, हिब्रू भाषा पुन्हा नांदावी, ही त्यांची उत्कट इच्छा होती. मात्र १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याकडे ते साशंकतेने पाहत. एका साम्राज्याने दुसऱ्यांची भूमी देऊ करावी, या दानावर त्यांचा विश्वास नव्हता. १ एप्रिल १९२५ रोजी स्कोपस टेकडीवर विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी तेथे पौर्वात्य विद्यांची संस्था सुरू झाली. नवव्या शतकातील अरब इतिहासकार बलाधुरी याचा विशाल ग्रंथ तेथील ज्यू विद्वानांनी संपादनास घेतला. शेजाऱ्याशी बोलावयाचे तर त्याची भाषा व त्याचा इतिहास ठाऊक हवा, ही त्यामागील धारणा होती.

प्रशासक म्हणून मात्र ते निर्दोष नव्हते. त्यांच्या कारभारावर आइन्स्टाइन यांनी कडाडून टीका केली. अखेर सर फिलिप हार्टोग यांची चौकशी समिती नेमली गेली आणि १९३५ मध्ये मॅग्नेस यांचे अधिकार मर्यादित झाले. (भारतीय शिक्षणाच्या अभ्यासकांना १९२९ च्या समितीमुळे परिचित असलेले हार्टोग ते हेच.)

१९३८ च्या नोव्हेंबरात गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचविला. मॅग्नेस गांधीजींचे चाहते होते, स्वतः शांततावादी होते. तरीही फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी गांधीजींना पत्र पाठविले. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनीही स्वतंत्र पत्र लिहिले. मॅग्नेस यांचा प्रश्न साधा आणि भेदक होता. जेथे प्रतिकार करणारा रात्रीतून नाहीसा होतो आणि कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही, तेथे सत्याग्रह कोणाच्या विवेकाला साद घालणार? अन्याय सोसणाऱ्याला दुरून सहनशीलता शिकविणे किती सोपे असते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. त्याच वर्षी युद्ध पेटले आणि मॅग्नेस यांनी आपला निरपवाद युद्धविरोध सोडून हिटलरविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला. त्यांच्यासाठी तो मोठ्या क्लेशाचा निर्णय होता.

अरबांविषयीची भूमिका मात्र बदलली नाही. १९४२ मध्ये झिओनवादी नेतृत्वाने ज्यू राज्याची मागणी उघडपणे मांडली, तेव्हा बूबर, हेन्रिएटा झोल्ड प्रभृतींसह त्यांनी ‘इहुद’ हा गट स्थापिला. एकच देश, दोन राष्ट्रे, आणि संख्या कितीही असो, सत्तेत दोघांचा वाटा समान, ही त्यांची योजना होती. १९४६ मध्ये अँग्लो-अमेरिकन चौकशी समितीसमोर त्यांनी ती मांडली. ज्यूंनी अरबांवर वा अरबांनी ज्यूंवर वर्चस्व गाजवू नये, हे तत्त्व त्या समितीच्या अहवालात आले.

योजनेची दुबळी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यू तेव्हा लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश होते. समान वाटा देणे म्हणजे अरबांनी आपल्या बहुमताचे बळ सोडणे, शिवाय ज्यूंच्या आगमनालाही संमती देणे. ते त्यांनी का करावे, याचे समाधानकारक उत्तर मॅग्नेस यांच्यापाशी नव्हते. आणि ज्यांनी हात पुढे केला, त्यांचे काय झाले? फौझी दरविश अल-हुसैनी हे जेरुसलेमच्या विख्यात घराण्यातील गृहस्थ. नोव्हेंबर १९४६ मध्ये त्यांनी ज्यू मित्रांसमवेत सहकार्याच्या करारावर सही केली. त्याच महिन्यात अरब बंदूकधाऱ्यांनी त्यांची हत्या केली. विश्वासाची किंमत दोन्हीकडे मोजावी लागत होती, पण ती सारखी नव्हती. मॅग्नेस यांना निंदा सोसावी लागली, फौझी यांना प्राण द्यावे लागले.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने फाळणीचा ठराव केला. एप्रिल १९४८ मध्ये देर यासीन गावात ज्यू सशस्त्र गटांनी १०० हून अधिक अरब गावकऱ्यांना ठार केले; चारच दिवसांनी, १३ एप्रिलला, स्कोपस टेकडीवरील रुग्णालय व विद्यापीठाकडे निघालेल्या वाहनांच्या ताफ्यावर अरबांनी हल्ला केला आणि ७० हून अधिक माणसे मारली गेली. त्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, मॅग्नेस यांच्या विद्यापीठाची माणसे होती. प्रकृती ढासळलेली असतानाही ते त्याच महिन्यात अमेरिकेस गेले आणि मे महिन्याच्या आरंभी परराष्ट्रमंत्री मार्शल व राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना भेटून त्यांनी युद्धविरामासाठी रदबदली केली. १४ मे रोजी इस्रायलची घोषणा झाली.

आता त्यांनी दोन राज्यांच्या संघाची कल्पना मांडण्यास सुरुवात केली. लाखो अरब निर्वासित झाले होते. ज्या ज्यू मदतसंस्थेशी मॅग्नेस यांचा पहिल्या महायुद्धापासून संबंध होता, तिने अरब निर्वासितांना साहाय्य करण्यास नकार दिला, तेव्हा ते तिच्या नेतृत्वातून बाहेर पडले. आयुष्यभर निर्वासित ज्यूंसाठी झोळी फिरविलेल्या माणसाचे हे जवळजवळ शेवटचे सार्वजनिक कृत्य ठरले. २७ ऑक्टोबर १९४८ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. तिकडे स्कोपस टेकडीवरील त्यांच्या विद्यापीठाच्या इमारती रिकाम्या होत्या. १९६७ च्या युद्धापर्यंत तेथे वर्ग भरू शकले नाहीत.