डॉ. श्रीकांत जिचकार : पदव्यांपलीकडचा वैद्य

डॉ. श्रीकांत जिचकार यांचे नाव निघाले की प्रथम त्यांच्या पदव्यांचा हिशेब मांडला जातो. एम.बी.बी.एस., एम.डी., कायदा, व्यवस्थापन, पत्रकारिता, अनेक विषयांतील एम.ए. आणि संस्कृतातील डी.लिट. ही यादी ऐकूनच सामान्य माणूस थक्क होतो. आज मात्र मराठी घरांतून त्यांचे स्मरण होते ते वेगळ्याच कारणाने. माणसाने दिवसातून किती वेळा जेवावे, या साध्या प्रश्नाला या विद्वानाने दिलेले उत्तर त्यांच्या पदव्यांहून दीर्घायुषी ठरले आहे.

जिचकार यांचा जन्म १४ सप्टेंबर १९५४ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलजवळील आजनगाव येथे शेतकरी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर त्यांची १९७८ मध्ये भारतीय पोलीस सेवेत आणि १९८० मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेत निवड झाली. दोन्ही पदांचा त्यांनी राजीनामा दिला आणि १९८० मध्येच पंचविशीत ते विधानसभेवर निवडून गेले. पुढे राज्यात मंत्रिपद, विधान परिषद आणि १९९२ ते १९९८ या काळात राज्यसभा असा त्यांचा प्रवास झाला. नागपूरची सांदीपनी शाळा त्यांनी स्थापन केली. रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता.

राजकारणाच्या धकाधकीतही त्यांच्यातील वैद्य जागा होता. आहारावरील व्याख्यानांत ते इन्सुलिनचे कार्य सोप्या मराठीत उलगडून सांगत. आपण खातो तेव्हा स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते, ते रक्तातील साखर पेशींत पोहोचवते आणि उरलेल्या ऊर्जेची चरबी साठवायला लावते. दिवसभर थोडे थोडे खात राहिल्यास हे इन्सुलिन सतत चढे राहते. म्हणून खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे, असा त्यांचा सल्ला होता.

या विचाराची मुळे जुनी आहेत. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये साखर आणि पिष्टमय पदार्थ कमी करून वजन घटवल्याचा अनुभव छापला. १९२२ मध्ये रुग्णांना इन्सुलिन मिळू लागेपर्यंत तर मधुमेहावर अशी पथ्येच मुख्य उपचार होती. पाश्चात्त्य वैद्यांनी ताटातील पिष्ट कमी केले, जिचकारांनी जेवणाच्या वेळा कमी केल्या. वाटा दोन, पण रोख एकच : शरीरावरील इन्सुलिनचा भार हलका करणे.

हा सल्ला विदर्भाला परका वाटण्याचे कारण नव्हते. वऱ्हाडात नांदगाव खंडेश्वरसारख्या शेतीप्रधान तालुक्यांत कष्टकऱ्याचे पोट ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि भाजी यांच्या दोन जेवणांवर भरत असे. पुढे शिवारातील ज्वारी हटून सोयाबीन आले, ताटात गहू-तांदूळ वाढला, गोड चहा आणि बिस्किटांच्या वेळा वाढल्या आणि अंगमेहनत मात्र घटली. अर्थात ज्वारीही पिष्टमयच आहे. फरक प्रमाणाचा, सोबतच्या डाळ-भाजीचा आणि कष्टांचा होता.

जिचकारांच्या मांडणीत उणीवही आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. इन्सुलिन खाण्यास सुरुवात होताच काही मिनिटांत वाढते. पुढे ते किती वाढेल आणि किती काळ टिकेल, हे काय आणि किती खाल्ले यावर ठरते. पंचावन्न मिनिटांची काटेकोर रेघ शरीरशास्त्र ओढत नाही. दोनच जेवणे घेतली, पण त्यांत भात, बटाटा आणि मिठाईच वाढली, तर मधुमेहीचे हित होत नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१९ मध्ये कर्बोदके कमी करण्याचा मार्ग रक्तशर्करेसाठी उपयुक्त मानला. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत आढळले. तेव्हा जेवणाच्या वेळांइतकेच ताटाकडेही पाहायला हवे. शिवाय इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्याला न विचारता जेवण वगळल्यास साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. गर्भवती आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी तर असे प्रयोग परस्पर करूच नयेत.

या उणिवा दूर करण्यास जिचकारांना अवधी मिळाला नाही. २ जून २००४ रोजी कोंढाळीजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. व्याख्यानातील विचाराला रुग्णांवरील पद्धतशीर चाचण्यांची जोड देण्याचे काम मागे राहिले. काही वर्षांनी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी हाच धागा उचलून तो महाराष्ट्रभर नेला. त्यावर अनुकूल-प्रतिकूल चर्चा झाली, तरी लाखो मराठी माणसे इन्सुलिनचा विचार करून जेवणाच्या वेळा ठरवू लागली.

शास्त्रातील गुंतागुंतीची गोष्ट स्वयंपाकघरापर्यंत नेणे हे जिचकारांचे मोठेपण होते. आता ती तपासून, सुधारून आणि आपल्या ताटाला जुळवून घेणे, हे काम त्यांच्यानंतरच्या वैद्यांचे आणि रुग्णांचे आहे.