मुंबईचे हाफकिनसाहेब

२०२१ च्या सुरुवातीला इथे इस्राएलमध्ये कोरोनाच्या लशीसाठी रांगा लागल्या, तेव्हा आपल्या घराघरांत वाद झाले. टोचून घ्यायचे की थांबायचे? हाच वाद सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत आपल्या पणजोबांच्या दाराशी आला होता, आणि लस करणारा माणूसही आपल्यासारखाच यहुदी होता.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओदेसाला झाला. धर्म बदलायला तयार नसल्यामुळे रशियात प्राध्यापकी मिळेना. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिरकाव मिळाला तोही ग्रंथालयात मदतनीस म्हणून! तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ साली प्रथम स्वतःला टोचली आणि पुढच्या वर्षी ती घेऊन हिंदुस्थानात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. मांडवी म्हणजे आपल्या सर्वांत जुन्या सिनेगॉगचा, शार हारहमीमचा भाग. (मशीद बंदर हे नाव आपल्या त्याच मशिदीवरून पडले, असे घरचे म्हातारे सांगतात.) सरकार घाबरले. रोग्याला जबरदस्तीने इस्पितळात न्यायचे, घरातले सामान जाळायचे, स्टेशनावर प्रवाशांना तपासायचे असे सुरू झाले. चिडलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात तर गोरे सोल्जर थेट माजघरात शिरू लागले. जून १८९७ मध्ये तिथल्या प्लेगच्या कामाचे प्रमुख रँड यांच्यावर गोळी झाडली गेली.

हाफकिनसाहेब मात्र ग्रँट मेडिकल कॉलेजात एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या मदतीवर लस करीत बसले होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, ताप सोसला, आणि मगच भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी आपणहून पुढे आले त्यांना दिली. सक्ती नको, लोकांना पटू द्या, हे त्यांचे म्हणणे. आगाखानांनी आपल्या खोजा लोकांसमोर स्वतः टोचून घेतले आणि प्रयोगशाळेला आपला बंगलाही दिला. आम्हाला वाटते, सोल्जरांच्या पलटणीने झाले नसते ते त्या एका सुईने झाले.

पण १९०२ साली पंजाबात मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली, आणि एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांचे काम गेले. खरे पाहता गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. हे सिद्ध व्हायला १९०७ साल उजाडले, आणि तेही रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिले तेव्हा. काही लेखक या प्रकरणाची तुलना ड्रायफस खटल्याशी करतात.

साहेब परत आले, पण कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा काही त्यांना मिळाली नाही. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव दिले गेले. १९३० साली लोझानला ते वारले. पुढे मुलांना पाजायचे पोलिओचे थेंब हाफकिनच्याच नावाने परळहून गावोगाव गेले.

आपल्या कोणाच्या घरी प्लेगच्या दिवसांतल्या, उंदीर पडले म्हणून घर सोडून कोकणात गेल्याच्या आठवणी सांगत असतील, तर लिहून आणा. पुढच्या अंकात छापू.