पंडिता रमाबाईंचा एकांत

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांस नवे नाही. त्यांची कार्ये सर्वांस ठाऊक आहेत. परंतु ती कार्ये कोठल्या झऱ्यावर पोसली, ह्याचा विचार थोडेच करितात.

बाईंचा जन्म 1858 साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईबाप व वडील बहीण काही महिन्यांच्या अंतराने वारली. 1882 त पतीचाही वियोग झाला. पदरी तान्ही मनोरमा राहिली. 1883 त इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 च्या मार्चात त्यांनी मुंबईस विधवांकरिता शारदा सदन उघडिले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. शिकवणी, शिधासामग्री, पत्रव्यवहार, दुखणी, वर्तमानपत्रांतील टीका, असा सारा भार एकट्या विधवेच्या शिरावर! 1893 त तर मुली ख्रिस्ती होतील ह्या भयाने पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या.

अशा दगदगीत 1896 साली लोणावळ्याच्या रानात ख्रिस्ती मेळा भरला. सदनातील 15 मुलींस घेऊन बाई तेथे गेल्या. एके दिवशी पहाटे, सर्वांच्या आधी उठून, त्या एकट्याच रानात प्रार्थनेस गेल्या. प्रथम त्यांनी त्या पंधरा जणींबद्दल प्रभूचे उपकार मानिले. मग त्या संख्येस तितक्याच संख्येने गुणावे, म्हणजे 225 मुली द्याव्या, असे मागितले. सदनाच्या मानाने हे मागणे केवढे धीटपणाचे!

थोड्याच महिन्यांत मध्य प्रांतात घोर दुष्काळ पडला. बालपणी स्वतः उपास काढिलेल्या बाईंस स्वस्थ बसवेना. त्यांनी तिकडे जाऊन सुमारे 300 निराधार मुली व स्त्रिया आणिल्या, आणि केडगावी मुक्ति सदन उभे राहिले. 1900 च्या गुजराती दुष्काळानंतर तेथील कुटुंब दोन हजारांच्या घरात गेले. ह्याप्रमाणे एकांताने त्यांचे काम कमी केले नाही, उलट वाढविले. पण ते उचलण्याचे बळही तेथूनच दिले.

काम वाढले म्हणून प्रार्थना आखडली नाही. 1905 च्या जानेवारीत बाईंनी रोजच्या प्रार्थनेकरिता सुमारे 70 जणींचा मेळ जमविला. जूनपर्यंत तो 500 वर गेला, व त्याच महिन्याअखेर तेथे मोठे संजीवन झाले. उत्तरवयात इब्री व ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्र खेड्यातील बायांस समजेल अशा सोप्या मराठीत उतरविले. 1921 त मनोरमाही गेली. तरी हातचे काम सुटले नाही. ते तडीस नेऊन 5 एप्रिल 1922 रोजी बाई प्रभूकडे गेल्या.

प्रिय बंधुभगिनींनो, रत्नागिरीनजीक पालीसारख्या गावी आषाढात लावणी सुरू झाली, म्हणजे बायामाणसांस चिखलातून पाय काढावयास सवड नसते. तेथे रान शोधावयास कोण जाणार? परंतु चूल पेटण्यापूर्वीची एक घटका, पडवीचा एक कोपरा, विहिरीची वाट, एवढे तरी प्रत्येकापाशी आहे. आपला प्रभूही मोठ्या पहाटेस उठून अरण्यात जात असे, आणि दारी जमलेली गर्दी त्यास ठाऊक होती. दिवस मोकळा होईल तेव्हा प्रार्थना करू, असे म्हणणाऱ्यास तो दिवस कधीच मिळत नाही. उद्या कोंबडा आरवेल, तेव्हाची पहिली घटका प्रभूस द्या.