सेनापति स्टिलिको

रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळांत ज्या पुरुषांनीं तें खचलेलें घर आपल्या खांद्यावर तोलून धरलें, त्यांत स्टिलिको याचें नांव अग्रगण्य आहे. त्याचा पिता व्हँडाल जातीचा असून रोमच्या सैन्यांत अंमलदार होता. माता रोमन होती. परक्या रक्ताचा हा दोष त्याचे शत्रु अखेरपर्यंत उगाळीत राहिले. परंतु बादशहा थिओडोसिअस गुणग्राहक होता. त्यानें आपली पुतणी सेरेना स्टिलिकोस दिली व पुढें त्यास सेनापतिपदास चढविलें.

इ. स. ३९५ च्या जानेवारींत थिओडोसिअस मिलान येथें मरण पावला. पूर्वेकडील कॉन्स्टँटिनोपलची गादी थोरला पुत्र आर्केडिअस यास व पश्चिमेची धाकटा होनोरिअस यास मिळाली. होनोरिअस त्या वेळीं अवघा १० वर्षांचा होता. त्याचें पालकत्व स्टिलिकोकडे आलें. मरतांना बादशहानें दोन्ही मुलें आपल्या ओटींत घातलीं, असें स्टिलिकोचें म्हणणें होतें. पूर्वेकडील मंत्र्यांस तें मान्य नव्हतें. येथूनच भाऊबंदकीस आरंभ झाला.

त्याच वर्षीं गॉथ लोकांचा नायक अलारिक पूर्वेच्या मुलुखांत लूट करीत असतां स्टिलिकोनें त्यास थेसलींत गांठलें. लढाई जुंपणार, तोंच पूर्वेचें सैन्य परत पाठविण्याचा आर्केडिअसचा हुकूम आला. स्टिलिकोनें तो निमूटपणें पाळला. असें असूनहि ३९७ सालीं त्याच दरबारानें त्यास राष्ट्रशत्रु ठरविलें!

पुढें अलारिक इटलींत उतरला. ४०२ सालीं ईस्टरच्या दिवशीं पोलेन्शिया येथें व त्यानंतर व्हेरोनापाशीं स्टिलिकोनें त्यास मागें रेटलें. ४०६ सालीं रॅडगायससच्या प्रचंड टोळीचा त्यानें फिएसोलेजवळ निःपात केला. परंतु घर राखतांना कुंपण उघडें पडलें. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हँडाल, ॲलन व सुएवी टोळ्या ऱ्हाईन नदी ओलांडून गॉल प्रांतांत शिरल्या. पुढील वर्षीं ब्रिटनमधील सैन्यानें कॉन्स्टंटाईन नांवाच्या शिपायास बादशहा केलें. सर्व बाजूंनीं एकदम लढणें अशक्य जाणून स्टिलिकोनें अलारिकशीं सलोखा केला व त्यास ४,००० पौंड सोनें देण्यास सेनेटची मान्यता मिळविली. अनेक सभासदांनीं ती भीतीपोटीं दिली.

हीच संधि साधून ऑलिंपिअस नांवाच्या दरबाऱ्यानें होनोरिअसचे कान भरले. स्टिलिको आपल्या मुलास पूर्वेच्या गादीवर बसवूं पाहतो, अशी आवई उठली. १३ ऑगस्ट ४०८ रोजीं टिसिनम, म्हणजे आजचें पाव्हिया, येथील फौजेनें बंड करून त्याच्या पक्षाचे अधिकारी कापून काढले. स्टिलिको तेव्हां बोलोन्या येथें होता. परकी पलटणी सूड घेण्यास त्याच्या एका शब्दाची वाट पाहत होत्या. पण बादशहा सुखरूप आहे असें कळतांच त्यानें त्यांस रोमन सैन्यावर घालण्याचें नाकारलें.

तो रॅव्हेनास गेला व तेथील ख्रिस्तमंदिरांत त्यानें आश्रय घेतला. केवळ अटकेचा हुकूम आहे, अशी बिशपसमक्ष शपथ वाहून शिपायांनीं त्यास बाहेर काढलें. बाहेर येतांच देहदंडाचें दुसरें पत्र पुढें आलें. त्याचे सेवक सोडविण्यास सरसावले. त्यानें त्यांस दरडावून थांबविलें व आपली मान पुढें केली. तो दिवस २२ ऑगस्टचा होता.

त्यानंतर परकी शिपायांच्या बायकामुलांची इटलीच्या शहरांतून कत्तल झाली. संतापलेले हजारों शिपाई अलारिकास जाऊन मिळाले. २४ ऑगस्ट ४१० रोजीं, सुमारें ८०० वर्षांनीं, शत्रु रोम शहरांत शिरला.

स्टिलिको सत्तेविषयीं उदासीन नव्हता. आपल्या दोन मुली एकीमागून एक होनोरिअसला देऊन त्यानें दरबार मुठींत ठेवला होता. परंतु स्वतःच्या प्राणांसाठीं यादवी माजविण्याची वेळ आली, तेव्हां त्यानें प्राण दिला व यादवी टाळली. ज्यास रोमनांनीं परका म्हणून मारलें, त्याच्याइतका रोमचा कैवारी त्या दरबारांत दुसरा कोणी उरला नव्हता.